धाकट्याची साथ

या शहरात रस्त्यावरचं गाणं-वाजवणं ऐकायचं असेल, तर परगावच्या माणसाला कुणीही घड्याळाच्या चौकात पाठवतं. पाठवू द्या. तिथे ढोलवाले आहेत, चार उड्या मारतात, आणि लोक मोबाईल वर धरून उभे राहतात. कान घरी ठेवून आलेले असतात. त्यापेक्षा सकाळी नदीच्या पुलावर जा. तिथे कठड्याला टेकून एक बासरीवाला वाजवतो. वारा सुटला की त्याचे निम्मे सूर पाण्यात जातात, पण उरलेल्या निम्म्यांत पोट भरतं. दुपारी भुयारी वाटेत दोन पोरी गिटार घेऊन बसतात. गातात बऱ्या, फक्त एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत आपल्याला म्हातारपण येतं. आणि ऊन कलायला लागलं की सरळ काचेच्या बोळात या.

काचेचा बोळ म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी जुनी वाट. वर काचेचं छप्पर, खाली झिजून गुळगुळीत झालेल्या फरशा. एका अंगाला चपलांचं दुकान, घड्याळजी आणि छत्र्यांवाला. दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या बँकेच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांशी एक माणूस व्हायोलिन वाजवताना दिसेल. साठीच्या आसपासचा, अंगाने काडी, कोट एक माप मोठा. हात गोड आहे त्याचा. पण ऐकताना तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल, कारण तो गाणं वाजवतच नाही, गाण्याच्या आजूबाजूचं वाजवतो. कुणीतरी शेजारी उभं राहून गातंय असं धरून. घड्याळजीने एकदा सांगूनही पाहिलं, ‘अरे बाबा, एकटा आहेस तर चालच वाजव की.’ त्याने मान डोलावली आणि पुन्हा तेच. उभा जन्म साथीत गेलेला हात तो, आता कुठे सुधारणार?

त्याला सगळे धाकटा म्हणतात. केस पिकले, दात हलले, तरी धाकटाच. कारण त्याची थोरली बहीण. तिला सगळा बोळ ताई म्हणायचा. ताई गायची आणि हा साथ करायचा.

बाप यांचा थिएटरात व्हायोलिन वाजवायचा. तो गेला तेव्हा ताई नुकती कुठे साडी सावरायला शिकत होती, आणि धाकटा शाळेत. आई आधीच गेलेली. नातेवाईक आले, हळहळले, चहा पिऊन गेले. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायला लागली. तिथली वाफ, ती दमट उष्णता, ते डेटॉलचे वास, आणि त्यात ही मोठ्याने गात उभी. मुकादम म्हणायचा, ‘बाई, इथे आजारी माणसांच्या चादरी येतात.’ ही म्हणायची, ‘मग त्यांना नीट झोप नको का लागायला?’ उचलली जीभ लावली टाळ्याला, असा स्वभाव. नाकावर माशी बसू द्यायची नाही. बापाचं व्हायोलिन विकायला म्हणून मागणाऱ्या काकाला तिने दारातून परत पाठवलं आणि ते धाकट्याच्या हातात दिलं. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, ‘झालंय की. या फिडलीशीच झालंय, आणि सासूबाई म्हणून हा आहे.’

धाकटा मात्र वेगळीच माती. वाईट बातमी सांगायची वेळ आली की याच्या तोंडाला कुलूप. लहानपणी कपाचा कान तुटला तर तो डिंकाने चिकटवून ठेवायचा, मग चहा ओतला की ताईचा हात भाजायचा. पुढे तो चित्रांच्या फ्रेमा करणाऱ्या दुकानात काच कापायला लागला. ते दुकान बुडालं, तर हा पठ्ठ्या रोज डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि बागेत बसून परत यायचा. कितीतरी दिवस! शेवटी दुकानाचा मालकच ताईला बाजारात भेटला.

‘अरे, दुकान बुडालं तर बुडालं,’ ती म्हणाली. ‘मला सांगायला काय जिवावर आलं होतं?’

‘तुला वाईट वाटलं असतं.’

‘मग आता काय गुदगुल्या होतायत?’

त्यावर तो हसला आणि ती पण हसली. तिथे तिने त्याचा कान उपटायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पण प्रेमाच्या माणसाची खोड आपल्याला गंमत वाटते, आणि ती एक दिवस आपल्यावरच उलटते.

धुलाईखान्यात मोठी यंत्रं आली आणि ताईला घरी बसवलं. ती गप्प झाली. लॉन्ड्रीच्या वरच्या त्यांच्या दोन खोल्या, सकाळपासून खालच्या वाफेने जमीन कोमट असायची. त्या जमिनीवर ती दिवसभर पाय पसरून बसायची. गाणं बंद, बोलणं बंद. धाकट्याला बहिणीचं ते बसणं पाहवेना. एका दुपारी त्याने व्हायोलिनची पेटी उचलली आणि म्हणाला, ‘ताई, चल.’ त्या दिवशी ती पहिल्यांदा काचेच्या बोळात उभी राहून गायली. आवाज वर काचेपर्यंत गेला आणि खाली पसरला. छत्र्यांवाल्याने गिऱ्हाईक सोडून दुकानाबाहेर येऊन ऐकलं. घरी परतताना ती जिना चढता चढता बडबडत होती, शेजारणीच्या कुंड्यांना नावं ठेवत होती. धाकट्याला वाटलं, जितं झालं माणूस.

पुढे कितीतरी वर्षं तो बोळ त्यांचाच होता, निदान दिवे लागेपर्यंत. दिवे लागले की तिथे अकॉर्डियनवाला उभा राहायचा. या धंद्यात जागांची कागदपत्रं नसतात, पण रीत असते. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने एक गाणं मिळून करायचं. ते झालं की जागा हातात आली. त्याला जागेचं गाणं म्हणतात. कितीही भांडण असो, जागेचं गाणं चुकवत नाहीत. अकॉर्डियनवाला हा गडगड्या आवाजाचा माणूस, पोट पुढे, हसणं त्याहून पुढे. तो, ताई आणि धाकटा असं तिघांचं ते गाणं ऐकायला चपलांच्या दुकानातल्या पोरी दारात येऊन उभ्या राहायच्या.

मग एके दिवशी गाण्याच्या शेवटी धाकट्याच्या लक्षात आलं, की ताईचा सूर उतरलाय. केसभर. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवात चोख, पण गाणं पुढे सरकेल तसा सूर हळूहळू खाली यायचा, आणि तिला त्याचा पत्ताच नसायचा.

गाणं संपल्यावर पदराने मान पुसत तिने विचारलं, ‘आज लागला ना रे सूर?’

‘लागला की,’ तो म्हणाला.

झालं. एवढंच. एक शब्द होता, आणि तो त्याने गिळला.

त्यानंतर त्याने जे केलं ते करायला बोटांत कसब लागतं, हे मान्य करायलाच हवं. तिचा सूर उतरायला लागला की तो आपली बोटं तारेवर किंचित खुंट्यांकडे सरकवायचा, म्हणजे त्याचाही सूर तिच्याबरोबर तेवढाच खाली यायचा. मोकळ्या तारेला गज लावणं त्याने सोडूनच दिलं, कारण मोकळी तार खोटं बोलत नाही. ती घसरली की हा घसरायचा. दोघं मिळून घसरले की ऐकणाऱ्याला काय कळणार? गाणं जिथे सुरू झालं तिथून पार खाली येऊन संपायचं, आणि लोक टाळ्या वाजवायचे. आणि खरं सांगू का, धाकट्याला मनातून याचा अभिमानही वाटायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण आहोत तोवर ताईला कुणी नाव ठेवणार नाही.

घरीही तेच. दार वाजलं की तो आधी उठायचा. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायचा. तिच्या उजवीकडे बसायचा तो डावीकडे बसायला लागला. ती म्हणायची, ‘या शहरात गोंगाट किती वाढलाय, कान बसतात नुसते.’ तो म्हणायचा, ‘हो ना.’ उशीच्या अभ्र्यावर कधी कधी पिवळट डाग दिसायचा. तिचा कान वाहत होता. त्याने अभ्रे धुवायला घेतले.

राहता राहिला अकॉर्डियनवाला. अकॉर्डियनची पट्टी दाबली की ती बोलेल तेच बोलणार. तिला सरकवता येत नाही, समजावता येत नाही. जागेचं गाणं झालं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून धाकटा दिवे लागायच्या आधीच आवरायला लागला. कधी पाऊस, कधी डोकेदुखी, कधी ताईला थकवा. अकॉर्डियनवाल्याने एकदा हसत विचारलं, ‘काय रे, माझ्या अंगाला वास येतो का?’ तर या मवाळ माणसाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, की तुझा ताल बेताल असतो. अकॉर्डियनवाल्याचा चेहरा पडला. वर्षानुवर्षांची मैत्री तिथेच तुटली, आणि बोळात लोक बोलायला लागले, की म्हातारपणी धाकट्याला शिंगं फुटली. त्याने तेही सोसलं. दोनेक वर्षं सोसलं.

शेवटी ताईनेच घोळ केला. एका संध्याकाळी अकॉर्डियनवाला लवकर आला आणि लांब उभा राहून वाट पाहत होता. ताईने त्याला हात करून बोलावलं.

‘ये रे इकडे. किती दिवसांत जागेचं गाणं झालं नाही आपलं. खडूस माझा भाऊ आहे, मी नाही.’

धाकटा म्हणाला, ‘ताई, उशीर होतोय.’ तिने ऐकलं नाही, खरोखरच ऐकलं नाही, आणि गायला सुरुवात केली.

पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात ती उतरायला लागली. धाकट्याची बोटं सरकली. अकॉर्डियन मात्र जागचा हलला नाही. चपलांच्या दुकानातल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. घड्याळजीने भिंग डोळ्यावरून काढलं. ताईलासुद्धा काहीतरी खुपलं. ती थांबली आणि म्हणाली, ‘अरे बाबा, पेटी बिघडलीय तुझी. दुरुस्त करून घे.’

अकॉर्डियनवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. गडगड्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी हळू बोलला. ‘हो ताई, भाता फाटलाय.’

ती पाणी प्यायला पायऱ्यांवर बसली तसं त्याने धाकट्याला छत्र्यांच्या दुकानामागे नेलं.

‘किती दिवस चाललंय हे?’

धाकट्याने मान खाली घातली.

‘लाज नाही वाटत तुला? मला शिव्या घातल्यास त्या जाऊ दे. तिला कानाच्या डॉक्टरकडे ने. उद्याच्या उद्या ने.’

ताईला डॉक्टरकडे नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पण धाकटा त्या दिवशी पहिल्यांदाच हट्टाला पेटला आणि ती कुरकुरत का होईना गेली. कानाची डॉक्टर तरुण होती, चष्म्यावाली, मोठ्याने आणि सावकाश बोलणारी. तिने नळीने आत पाहिलं, कानांवर यंत्र लावून आवाज ऐकवले, पुन्हा पाहिलं.

‘कान वाहतो का?’

‘वाहतो अधूनमधून,’ ताई म्हणाली. ‘सर्दी झाली की कुणाचा वाहत नाही?’

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या डाव्या कानाशी बसली. आतलं हाड सडत गेलंय, ती म्हणाली. उजवा कान गेलाच आहे. डाव्यात थोडं उरलंय, तेवढं टिकवायला ऑपरेशन करू. पण जे गेलं ते परत यायचं नाही. ‘दुखणं अंगावर का काढलंत? दोन वर्षांपूर्वी आला असतात तर दोन्ही कान वाचले असते. आणि तुम्ही तर गाता म्हणता. गाणाऱ्या माणसाचा आधी सूर सुटायला लागतो, आणि त्याला ते कळतं. तेव्हा तरी यायचंत.’

ताईला या बोलण्याचा राग आला.

‘सूर?’ ती म्हणाली. ‘माझा सूर नाही हो कधी सुटला. हा साथीला असतो ना माझ्या. सुटला असता तर कळलं नसतं का?’ आणि धाकट्याकडे वळून म्हणाली, ‘सांग ना रे त्यांना.’

डॉक्टर बघत होती. ताई बघत होती, भरवशाने, जणू साक्षीदार हजर असल्यावर खटला जिंकलाच. धाकटा म्हणाला, ‘नाही सुटला.’

देवा रे, तिथेसुद्धा!

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. बाकांवर माणसं खेटून बसलेली, औषधांच्या खिडकीशी रांग. ताई एका बाकाच्या टोकाला बसली. म्हणत होती, ‘डॉक्टर झाली म्हणून काय झालं, गाण्यातलं काय कळतं तिला.’ धाकटा तिच्याशेजारी बसला.

‘ताई,’ तो पुटपुटला, ‘सुटत होता.’

‘काय?’

‘सूर सुटत होता.’

‘अरे तोंडातल्या तोंडात काय बोलतोस? मोठ्याने बोल.’

तो तिच्या दुसऱ्या अंगाला गेला, डाव्या कानाशी वाकला आणि पुन्हा बोलला. समोरून चाकांची खाट खडखडत गेली. तिने कपाळाला आठ्या घातल्या. ‘काय म्हणतोस?’

जन्मभर ज्याला वाईट बातमी हळूसुद्धा सांगता आली नाही, त्याला ती ओरडून सांगावी लागली.

‘सूर सुटत होता ताई! दोन वर्षं सुटतोय! मला पहिल्या दिवशीच कळलं होतं! मी बोटं सरकवून झाकत होतो!’

रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. कडेवरचं एक मूल रडायचं थांबलं. ताईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला ऐकू आलं होतं. मग तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, ‘चल.’

ती घरी आली. जेवली, भांडी घासली, झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच व्हायोलिनची पेटी त्याच्या हातात दिली.

बोळात ती रोज लोकांकडे तोंड करून उभी राहायची. त्या दिवशी धाकट्याकडे तोंड करून उभी राहिली, त्याच्या डाव्या हातावर डोळे लावून.

‘बोटं जागची हलली तर याद राख,’ ती म्हणाली.

ती गायला लागली. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्यात सूर उतरला. धाकट्याने बोटं तारेवर रोवून धरली, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली. दोन सूर एकमेकांवर घासत राहिले. एक बाई तोंड वेंगाडून पुढे गेली. घड्याळजी उगाच ड्रॉवर धुंडाळायला लागला. ताईने एकदा त्या लोकांकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं, आणि गातच राहिली. तेवढ्यात एक कॉलेजचा मुलगा मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून खुदकन हसला.

आणि धाकट्याची बोटं सरकली.

त्याने सरकवली नाहीत. आपली आपण सरकली. सूर जुळला. लगेच तो मुलगा हसायचा थांबला, दोन माणसं चालता चालता उभी राहिली, चपलांच्या दुकानातली पोर काउंटरवर कोपर टेकून ऐकायला लागली. ताईला ती बोटं दिसली. ती थांबली नाही. तिने गाणं शेवटच्या ओळीपर्यंत नेलं, नेहमीसारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी ‘वा’ म्हणालं. तिने त्यांना नमस्कार केला, नीट पदर घेऊन.

मग ती धाकट्याजवळ आली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

‘यांना काही कळत नाही रे,’ ती म्हणाली. ‘आणि नाही कळलं तरी चालत होतं. मला कळायला हवं होतं.’

एवढं बोलून ती वळली आणि बोळातून एकटीच चालायला लागली, भिंतीच्या कडेने, पिशवी छातीशी धरून. धाकट्याने हाक मारली, ‘ताई!’ मग आणखी मोठ्याने मारली. छत्र्यांवाल्याने ऐकली, घड्याळजीने ऐकली, बोळाच्या टोकाशी नुकत्याच पोचलेल्या अकॉर्डियनवाल्यानेही ऐकली. ती थांबली नाही, वळून पाहिलं नाही, रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनाशी झाली. त्या दिवसानंतर ती गायली नाही. दोघं आजही त्याच दोन खोल्यांत राहतात, एका ताटलीतून बिस्किटं खातात. पण त्या दिवशी तिला हाक ऐकू आली नाही म्हणून ती थांबली नाही, की ऐकूनही थांबली नाही, हे धाकट्याला अजून माहीत नाही. आणि विचारायची त्याची छाती होत नाही.